झाडूचा आठवडा: श्टुटगार्टमधल्या कामाच्या दिवसांच्या नोंदी

शनिवार

विमानतळावरून शहराकडे निघालेली एस-बान, म्हणजे इथली लोकल, आधी बराच वेळ सपाटीवरून धावते. कोबीची शेतं, गोदामं, कार्यालयांच्या काचा. विद्यापीठाच्या स्टेशनाआधीच ती लांबलचक बोगद्यात शिरते आणि पुढे उतरतच राहते. जर्मनीतलं हे श्टुटगार्ट डोंगरांमधल्या खळग्यात वसलंय, हे नकाशावर पाहिलं होतं. पण स्टेशनच्या जिन्यावरून वर आल्यावर जिकडे बघावं तिकडे रस्त्याच्या टोकाला चढच दिसतो, तेव्हा ते खरं कळतं.

येताना एकाही स्टेशनवर फाटक लागलं नाही. तिकीट काढायचं, खिशात ठेवायचं आणि बसायचं. माझं तिकीट कुणी मागितलं नाही, शेजारच्याचंही नाही.

कंपनीनं घेऊन दिलेला फ्लॅट शहराच्या पश्चिम भागात आहे, फॉयरझे नावाच्या तळ्यापासून दोन गल्ल्या सोडून. तळ्याच्या काठावर योहान्नेस चर्च उभं आहे आणि त्याच्या मनोऱ्याला टोक नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात ते पडलं. नंतर चर्च दुरुस्त केलं, टोक मात्र तसंच बोडकं ठेवलं. शनिवारच्या उन्हात लोक तळ्याच्या पायऱ्यांवर आइस्क्रीम खात बसले होते आणि कुणीही वर बघत नव्हतं.

किल्ली तळमजल्यावरच्या बाईंकडे होती. सत्तरीच्या असाव्यात. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जर्मन कामापुरतं येतं. किल्लीबरोबर त्यांनी छापील कागद दिला आणि त्यावर बोट ठेवून एकेक कलम वाचून दाखवलं. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी दिवसभर शांतता. जिन्यात सायकल नको. मग मला मागच्या अंगणात नेऊन कचऱ्याचे डबे दाखवले: ओला एका डब्यात, कागद दुसऱ्यात, प्लॅस्टिक वेगळं, उरलेलं चौथीकडे. काच यातल्या कशातच नाही. ती कोपऱ्यावरच्या पिंपांत टाकायची, तीही रंगानुसार, पांढरी, तपकिरी, हिरवी. बाई प्रत्येक डब्याचं झाकण उघडून आत काय आहे ते दाखवत होत्या. कागदाच्या डब्यात कुणीतरी पिझ्झाचा तेलकट खोका टाकलेला दिसला, तेव्हा त्यांनी तो दोन बोटांनी उचलला आणि वरच्या मजल्यांकडे एक नजर टाकली. खोका कुणाचा ते त्यांना ठाऊक होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

संध्याकाळी सुपरमार्केटात ही गर्दी. उद्या सगळं बंद, म्हणून अख्खा मोहल्ला एकदम आलेला. गल्ल्यावरच्या मुलीचे हात इतके भराभर चालत होते की पैसे देईपर्यंत मागच्याचं सामान माझ्या सामानाला येऊन भिडलं. पिशवी भरायला कुणी थांबत नाही. सामान गाडीत ढकलायचं आणि बाजूच्या फळीवर जाऊन निवांत भरायचं, अशी इथली रीत.

रविवार

सकाळी घंटा वाजल्या. त्यानंतर काहीच नाही. जर्मनीच्या राज्यघटनेतच रविवारच्या विश्रांतीला संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं ते कलम आजच्या घटनेनं जसंच्या तसं उचललंय. दुकानं बंद, म्हणजे अगदी बंद. बेकऱ्यांना काही तासांची मुभा, शिवाय रेल्वे स्टेशन आणि पेट्रोल पंपावरची दुकानं चालू. कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर रांग होती आणि दारावर ‘फक्त रोख’ अशी पाटी. ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारल्यासारखा वळवलेला पाव, मधोमध चिरून आत लोणी भरून देतात. श्वाबेन प्रांतातल्या ब्रेत्सेलचं पोट जाड आणि मऊ, हात बारीक आणि कुरकुरीत असतात. मी आधी हात मोडून खाल्ले.

काचेच्या पिंपांवर वेळा लिहिलेल्या आहेत. रविवारी बाटल्या टाकायच्या नाहीत, कारण त्या फुटण्याचा आवाज होतो. एक माणूस बाटल्यांनी भरलेली पिशवी घेऊन आला, पाटीसमोर थांबला, समोरच्या खिडक्यांकडे पाहिलं आणि पिशवी घेऊन परत गेला. रस्त्यावर पोलीस वगैरे कुणी नव्हतं. एका खिडकीत पडदा मात्र बाजूला सारलेला होता.

दुपारी बिर्केनकोफच्या टेकडीवर चढून गेले. उंची ५११ मीटर, पण त्यातले वरचे साधारण चाळीस मीटर निसर्गाचे नाहीत. युद्धानंतर शहराचा ढिगारा वाहून इथे रचला, १९५० च्या दशकात. वर पोचल्यावर तो तसाच उघडा पडलेला दिसतो: कोरीव खांबांचे तुकडे, खिडक्यांच्या दगडी चौकटी, कुठल्याशा दर्शनी भिंतीवरची नक्षी. मुलं त्यावर चढून खेळत होती, एक कुत्रा एका कमानीच्या तुकड्यावर उन्हात पसरला होता. खाली पूर्ण शहर दिसतं आणि त्यातली बरीच घरं साधी, सपाट, पन्नासच्या दशकातली आहेत. आपण कशावर उभे आहोत आणि खालची घरं इतकी साधी का, या दोन्हीचं उत्तर एकच.

एक गंमत पाहिली. शहरातल्या फुटपाथवर कुणी कुणाकडे बघतही नाही, पण जंगलातल्या पायवाटेवर समोरून येणारा प्रत्येक जण नमस्कार करतो. झाडं सुरू झाली की नमस्कार सुरू, डांबर लागलं की बंद. ही सीमारेषा कुणी आखली असेल, देव जाणे.

सोमवार

फॉयरझेवरून चौथं स्टेशन फॉयरबाख. दहा मिनिटांत कारखाना. काम थोडक्यात असं: आमच्यासाठी बनलेलं ग्राइंडिंग मशीन पेटीत बंद होण्याआधी चालवून बघायचं, सलग पन्नास नग काढायचे, प्रत्येक नगाचं माप घ्यायचं आणि सी-एम-के, म्हणजे मशीन नेमक्या मापाचे नग किती भरवशानं काढतं ते सांगणारा आकडा, १.६७ च्या वर आला तरच सही करायची.

बैठक नऊला होती. नऊला दोन मिनिटं असताना सगळे बसलेले होते आणि नऊच्या ठोक्याला पहिला मुद्दा सुरू झाला. विमानप्रवास कसा झाला वगैरे नाही. पाऊण तासानं एकानं उठून सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, बाहेर आठ अंश असताना. पाच मिनिटं सगळे खांदे आखडून बसले, मग खिडक्या बंद. दिवसातून दोनदा-तीनदा घराची हवा अशी बदलणं हे इथे इतकं गंभीर प्रकरण आहे की काही भाडेकरारांतही त्याचा उल्लेख असतो, असं प्रकल्प सांभाळणाऱ्या तरुण इंजिनिअरनं सांगितलं.

साडेअकराला जेवण. कँटीनमध्ये मसूर, श्पेत्सले आणि सॉसेज. मी सॉसेज नको म्हटल्यावर वाढणाऱ्या काकूंनी जरा दुःखी चेहऱ्यानं मसूर दुप्पट वाढले. श्पेत्सले म्हणजे अंडं घातलेल्या पिठाचे जाडेभरडे शेवयांसारखे तुकडे. मसुरावर टेबलावरच्या बाटलीतलं व्हिनेगर शिंपडतात. फोडणी नाही, तिखट नाही, तरी चव लागली. वीस मिनिटांत सगळे उठले.

संध्याकाळी श्लोसप्लाट्सवर, म्हणजे नव्या राजवाड्यासमोरच्या चौकात, ढोल आणि शिट्ट्या ऐकू आल्या. शंभरेक माणसं असतील, बहुतेक साठीच्या पुढची, हातात हिरवे फलक. मुख्य स्टेशन जमिनीखाली नेण्याच्या ‘श्टुटगार्ट २१’ प्रकल्पाविरुद्धचं हे सोमवारचं आंदोलन. बांधकाम २०१० साली सुरू झालं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला बागेतली झाडं वाचवायला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले. पुढच्या वर्षी राज्यभर सार्वमत झालं आणि कौल प्रकल्पाच्या बाजूनं गेला. स्टेशन २०१९ ला उघडायचं होतं. खर्च साडेचार अब्ज युरोंवरून अकरा अब्जांच्या पुढे गेला. प्रकल्प हरवता येणार नाही हे या माणसांना कळत नसेल असं नाही. तरीही ती दर सोमवारी येतात, भाषणं ऐकतात, ठरल्या वेळी फलक गुंडाळतात आणि सांडलेले कागद उचलून घरी जातात. कागद उचलणारी एक बाई आंदोलनातल्या दुसऱ्या बाईला, तिनं टाकलेली सिगरेट दाखवत होती.

मंगळवार

दिवसभर पाऊस. मशीनचं कूलंट, म्हणजे घासताना थंड ठेवणारं द्रव, गळत होतं. त्यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही.

बुधवार

सकाळी निघताना माझ्यासमोरच्या दाराच्या मुठीवर एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. ‘केअरवोखं’, झाडूचा आठवडा. या प्रांताची ही जगप्रसिद्ध प्रथा. इमारतीतल्या प्रत्येक घराकडे पाळीपाळीनं एकेक आठवडा जिना झाडण्या-पुसण्याचं काम येतं. शिवाय मोठा आठवडा असतो, त्यात फुटपाथ, तळघर, अंगण. काम झालं की पाटी पुढच्या दारावर. रस्ते आणि गटारं साफ ठेवण्याचे नियम इथे पंधराव्या शतकाच्या अखेरीपासूनचे आहेत. लेखी फर्मानं निघत गेली आणि सवय पक्की होत गेली. आता बहुतेक ठिकाणी हे भाडेकरारात असतं. पाटी मात्र लागते, कारण ती सगळ्यांना दिसते.

दुपारी जेवताना मी हे त्या तरुण इंजिनिअरला सांगितलं, तर तो हसायलाच लागला. त्याचे आजोबा साठच्या दशकात अनातोलियातून इथे आले. १९६१ साली पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार आणण्याचा करार झाला, त्यानंतरच्या लोंढ्यात. श्टुटगार्टमधल्या चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांची मुळं अशी कुठून कुठून आलेली आहेत. आजोबा गाड्यांच्या कारखान्यात, आजी घरी. इमारतीत तुर्की कुटुंब एकच. आजीच्या आठवड्यात शेजारणी कठड्यावरून बोट फिरवून बघायच्या, असं ती सांगते. म्हणून ती शनिवारी एकदा जिना पुसायची, आणि सगळे झोपल्यावर पुन्हा एकदा. “आमच्याबद्दल बोलायला त्यांना काही मिळायला नको,” एवढंच तिचं म्हणणं. भाषा आली नाही, पण त्या इमारतीत सगळ्यात स्वच्छ जिना तिचा.

“मग आता?” मी विचारलं.

“आता काय! पन्नास वर्षं झाली. आता तीच बोट फिरवते. तिसऱ्या मजल्यावर एक सीरियन कुटुंब आलंय, त्यांच्यावर तिची फार बारीक नजर असते. परवा मला फोन करून सांगत होती, ती लोकं कोपरे सोडतात.”

तो हे प्रेमानं सांगत होता की चिडून, मला ठरवता आलं नाही. बहुधा दोन्ही.

पाहुण्याला हे शहर फार सोयीचं वाटतं. फाटक नाही, रखवालदार नाही, कुणी पिशव्या तपासत नाही. पण ते सैल सोडलेलं नाहीये. तपासणीचं काम सगळ्यांनी वाटून घेतलंय आणि ते नव्यानं आलेल्या माणसाच्या वाट्याला जास्त येतं.

घरी आल्यावर टपालपेटीत चिठ्ठी: माझं पार्सल तळमजल्यावरच्या बाईंकडे आहे. घरी कुणी नसलं की पार्सलवाला सरळ शेजाऱ्याकडे देऊन जातो. नाव, सही, काम झालं. बाईंनी पार्सल दिलं आणि त्यावर कुठल्या दुकानाचा शिक्का आहे ते मलाच वाचून दाखवलं.

रात्री शहर वाचनालयात गेले. दक्षिण कोरियात जन्मलेल्या उन यंग यी या वास्तुविशारदाचं काम, २०११ साली उघडलं. बाहेरून करडा चौकोनी ठोकळा, रात्री निळा उजेड. चार बाजूंना चार भाषांत ‘वाचनालय’ कोरलंय आणि त्यातली एक अरबी. आत वरच्या मजल्यांवर सगळं पांढरं, मधोमध रिकामी जागा आणि भोवती जिने. पुस्तकांचा रंग तेवढा रंग. नऊ वाजता बंद होतं, पण झोप न येणाऱ्यांसाठी दाराशीच पुस्तकांची छोटी कपाटं आहेत, त्यातून रात्री-अपरात्री पुस्तक घेता येतं. एक मुलगा तिथे उभ्या उभ्या वाचत होता. त्याला झोप येत नव्हती की घरी जायचं नव्हतं, कोण जाणे.

गुरुवार

अखेर तिकीट तपासनीस दिसले. डब्याचं दार बंद होईपर्यंत दोन साधी माणसं, एकाच्या हातात कॉफी. दार मिटलं आणि दोघांनी ओळखपत्रं काढली. सगळ्यांचे हात आपोआप खिशात. मागच्या बाकावरच्या एका मुलाकडे तिकीट नव्हतं. साठ युरो. आवाज चढला नाही, वाद झाला नाही, एक कागद फाडून त्याच्या हातात दिला गेला. पण तो कागद लिहिला जाईपर्यंत अख्खा डबा त्याच्याकडे बघत होता. चार दिवस एकमेकांकडे न बघणारी हीच ती माणसं. मला वाटतं साठ युरोंपेक्षा ती दीड मिनिटं त्याला महाग पडली.

मशीनवर आज पन्नास नगांची चाचणी. कूलंटच्या भानगडीनं दुपार गेली, सुरुवातच साडेचारला. अडतिसावा नग आला आणि पाळीप्रमुखानं मशीन थांबवलं. मशीन चालवणारा मेस्त्री सकाळपासून कामावर होता, त्याचे दहा तास भरत आले होते. कायद्यानं दिवसाला दहा तासांपुढे काम करून घेता येत नाही, आणि दोन दिवसांच्या मध्ये अकरा तास विश्रांती द्यावी लागते. बारा नग म्हणजे जेमतेम वीस मिनिटांचं काम. चाचणी सलग हवी, म्हणजे ते अडतीस नग वाया. मी हरकत घेतली. प्रमुखानं शांतपणे घड्याळ दाखवलं. मेस्त्री हात धुवायला निघूनही गेला होता. नियम माणसाच्या बाजूचा आहे, हे मला पटतं. राग मात्र आला तो आला.

परतीच्या गाडीत लेदरची अर्धी चड्डी घातलेले पुरुष आणि घेरदार झगे घातलेल्या मुली. शहराच्या कानश्टाट भागातल्या मैदानावरची जत्रा चालू आहे. बिअरचे तंबू, आकाशपाळणे, मोठमोठ्यानं गाणी. आज ती बघून खरं वाटत नाही, पण ही जत्रा उपासमारीतून सुरू झाली. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५ च्या उद्रेकानंतर १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, लोक झाडपाला खाऊ लागले. त्यातून सावरल्यावर १८१८ मध्ये इथला, म्हणजे व्युर्टेंबर्गचा, राजा पहिला विल्हेल्म यानं शेतकऱ्यांसाठी हा उत्सव भरवला, बक्षिसं ठेवली. म्हणून मैदानाच्या मधोमध आजही फळं, भाज्या आणि कणसांनी सजवलेला उंच खांब उभा करतात. त्याच्या पायथ्याशी सेल्फी काढणाऱ्यांची झुंबड होती. मी अर्धा तास फिरले आणि आवाजाला कंटाळून परत आले.

मैदानाच्या वाटेवर एक म्हातारा कचऱ्याच्या डब्यांमधून बाटल्या गोळा करत होता. एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली किंवा पेयाचा पत्र्याचा कॅन परत केला की पंचवीस सेंट मिळतात, बिअरच्या काचेच्या बाटलीचे आठ. ज्यांना परत करण्याचा कंटाळा आहे ते बाटली डब्यात न टाकता डब्याशेजारी जमिनीवर उभी करून जातात, म्हणजे गोळा करणाऱ्याला हात घालावा लागत नाही. हे मला या शहरातलं सगळ्यात सभ्य वागणं वाटलं. पण बाटल्यांवर जगणारे म्हातारे या श्रीमंत शहरात आहेत, हेही त्यातच आलं.

शुक्रवार

पन्नास नग. सी-एम-के १.८२. साडेअकराला सही, बाराला जेवण, एकला कारखाना ओस. शुक्रवारी दुपारी इथे कुणाला फोन लावणं म्हणजे स्वतःचा अपमान करून घेणं.

कालच्या मेस्त्रीनं संध्याकाळी द्राक्षवाल्यांच्या गावात येण्याचं आमंत्रण दिलं, बायकोही येणार होती. कालचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही. ऊलबाख हे म्हणायला शहराचाच भाग, पण बसमधून उतरल्यावर चारही बाजूंना द्राक्षमळे. एका घराच्या दारावर झाडू टांगलेला. शेतकऱ्याला स्वतःच्या घरात स्वतःची वाइन विकायची तर वर्षातून चार महिने आणि चाळीस खुर्च्यांपर्यंत वेगळा परवाना लागत नाही. झाडू दारावर असला की चालू, नसला की बंद. आत जेमतेम जागा, लांब बाक, अनोळखी लोकांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. तिथे मात्र सगळे बोलतात. ट्रॉलिंगर नावाची फिकट लाल वाइन कान असलेल्या जाड पेल्यातून पितात, पाव लिटर. तिचं कौतुक श्टुटगार्टबाहेर फारसं कुणी करत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही करणार नाही. चीज घातलेले श्पेत्सले आणि वर तळलेला कांदा, हे मात्र मी पुन्हा मागवले.

समोरच्या टेकडीवर घुमटाची एक इमारत दिसत होती. मेस्त्रीच्या बायकोनं सांगितलं, ती राणी कॅथरिनाची समाधी. जत्रा सुरू करणाऱ्या त्या विल्हेल्मची रशियन पत्नी. दुष्काळात तिनं गरिबांसाठी मदतीचं काम उभं केलं, बचत बँक काढली, आणि १८१९ साली तिशीतच गेली. राजानं आपल्या घराण्याचा मूळ किल्ला पाडला आणि त्या जागी तिची समाधी बांधली. दारावर लिहिलंय की प्रेम कधी संपत नाही. “त्यानं पुढच्याच वर्षी दुसरं लग्न केलं,” मेस्त्री म्हणाला. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. तो वाइन आणायला उठला.

शनिवार

समोरच्या घरातल्या मुलानं सकाळी साडेआठला जिना पुसला. फोनवर गाणी लावून, अर्धवट, वरून पाणी ओतत. तळमजल्यावरच्या बाई दारात उभ्या होत्या. तो गेल्यावर त्यांनी खालच्या पाच पायऱ्या पुन्हा पुसल्या. मग बाहेर येऊन फुटपाथवरची पानं गोळा केली. ऑक्टोबर आहे, झाड समोरच आहे, दर मिनिटाला एक पान पडत होतं. त्या ते उचलत होत्या.

शहरात ज्यांना वेळ आहे त्यांनी मार्कथाले, १९१४ सालची बाजाराची देखणी इमारत, बघावी. महाग आहे. मला तिथून बाहेर पडून पायऱ्या चढण्यात जास्त मजा आली. डोंगरउतारावर पूर्वी द्राक्षमळे होते, त्यांच्या बांधांमधून गेलेल्या पायऱ्यांच्या वाटा आता घरांच्या मधून जातात. अशा चारशेहून जास्त आहेत. माणसं किराणा घेऊन, बाळाची गाडी उचलून त्या चढतात. पिंढऱ्या बघण्यासारख्या आहेत लोकांच्या.

दुपारी दक्षिण भागातून केबल रेल्वेनं जंगलातल्या दफनभूमीकडे गेले. १९२९ पासूनची, सागवानी डबे, अजून तेच. नवऱ्याच्या थडग्याला पाणी घालायला जाणाऱ्या विधवांमुळे गावातले लोक तिला विधवांची एक्सप्रेस म्हणतात. माझ्या डब्यात खरोखरच तीन म्हाताऱ्या होत्या, हातात फुलझाडांच्या कुंड्या. वर उंच झाडांखाली थडगी, एकेक छोटी बाग. उद्योगपती रॉबर्ट बॉश आणि पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस इथेच आहेत, साध्या दगडाखाली. नळाजवळ पाणी घालायच्या झाऱ्या टांगलेल्या, आणि प्रत्येकीला कुलूप. ज्याची त्याची झारी, ज्याचं त्याचं कुलूप. फाटकाशिवाय रेल्वे चालवणाऱ्या, शेजाऱ्याकडे बिनदिक्कत पार्सलं टाकणाऱ्या या गावात शेवटी कुलूप सापडलं ते प्लॅस्टिकच्या झारीला. मी बराच वेळ हसत होते. एका बाईंनी पाहिलं.

रविवार

परतीचं विमान फ्रँकफर्टहून. चाकांचा आवाज नको म्हणून बॅग उचलूनच जिना उतरले. किल्ली बाईंच्या हातात दिली. त्यांनी माझ्याबरोबर वर येऊन स्वयंपाकघर बघितलं, खिडकी उघडली, कचऱ्याच्या डब्यात डोकावल्या, मान हलवली. मग अचानक हातात हात घेऊन दोन वेळा जोरात हलवला.

मुख्य स्टेशनवर जुन्या इमारतीपासून फलाटापर्यंत बांधकामाला वळसा घालत लांबवर चालावं लागतं. लाकडी भिंती, पत्रे, वाटेत नव्या स्टेशनचे काँक्रीटचे मोठे खांब डोकावतात. फलाटावर पोचले तेव्हा गाडी वीस मिनिटं उशिरा होती. मग तीस. आणि मग एक गोष्ट घडली जी आठवडाभर कुठल्याच फलाटावर घडली नव्हती: माणसं एकमेकांशी बोलायला लागली. एका बाईनं तिचा सर्वात वाईट उशीर सांगितला, चार तास, रात्री, हीटर बंद. शेजारच्या विद्यार्थ्याकडे सहा तासांची गोष्ट होती. कुणीतरी ब्रेत्सेलची पिशवी फिरवली. मला विमान कितीला आहे ते पाच जणांनी विचारलं आणि पाचही जणांनी मोबाइलवर वेगवेगळे पर्याय शोधून दिले, त्यावरून त्यांच्यातच वाद झाला. टोपीवाला एक उंच गृहस्थ मात्र एकच म्हणत होता, “चाळीस होणार. तीस नाही, चाळीस.” पाटी बदलली. पस्तीस. सगळे त्याच्याकडे वळले. त्यानं बोट वर करून थांबायला सांगितलं. पाटी पुन्हा बदलली, चाळीस, आणि फलाट क्रमांक सोळावर टाळ्या पडल्या.